साकु

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी नंदगडात आमचं दुकान बंद असे,
आणि मागच्या दारानं सटुप्पा घाडी येत.
पलटणीतले आर्मरर हवालदार, आता पेन्शनीत.
खाकी पिशवीतल्या चहाच्या डब्यात
पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या वाजत.

बाबा काचपेटीतला तराजू काढून देत.
त्यावर जांबोटीकडच्या पोरींचे मणी चढलेले,
गहाणातनं सुटलेल्या बुगड्या,
एकदा कुणाचा तरी सोन्याचा दात.
आता शिसं.
मी दहा वर्षांची. खिडकी लावून घेणं माझं काम.
तरी काटा हले.
"वाऱ्यानं न्हाई गं, तुझ्या श्वासानं हलालाय."

पन्नास गोळ्या, एका साच्यातल्या, सख्ख्या बहिणी.
एकीत गुंजेचा आठवा हिस्सा जास्त. बाजूला.
एकीच्या पोटात हवेचा बुडबुडा,
दिसत नाही, वजनातनं कळतो. बाजूला.
उरलेल्या आरशाच्या काचेवर घरंगळवत,
गाल टेबलाला टेकवून बघत,
लंगडेल ती बाजूला.
पन्नासातल्या अकरा उरत.
"आणि ह्या?" मी विचारी.
"ह्या जवळनं माणसं मारायला चालतील,"
ते म्हणत, आणि हसत नसत.

मग एक गोळी कंदिलावर धरून काळी करत,
नळीत हलकेच सारून परत काढत.
काजळीवर आतल्या आट्यांचे पुसट ओरखडे.
"हितं टेकली. आता केसभर मागं."
बाबा म्हणाले, हिरा कोंदणात असाच बसवतात.
ते म्हणाले, बसवल्यावर तुमचा हिरा कुठं जात न्हाई, शेठ.

दारू शेवटी.
काळपट, मोहरीच्या डाळीपेक्षा बारीक.
चिमटीतनं एकेक कण, एकेक कण,
काटा थरथरे, उभा राही.
"साकु."
घरात मराठी, पलटणीत हिंदी,
पण इथं आले की हा एक शब्द कानडीच.
आई कित्तूरकडची होती त्यांची.
ताटावर हात आडवा धरून
तिला म्हणायचा शब्द.

एकदा विचारलं, इतकं कशाला?
पुंगळी खाली ठेवली त्यांनी.
कणकुंबीच्या सड्यावर चारशे पावलांवर सांबर.
गोळी पेटीतली, विकतची, न तोललेली.
"वारा बरोबर धरला हुता. हात बी बरोबर.
चार बोटं खाली गेली."
दोन दिवस माग.
कारवीच्या पानांवर रक्त,
मग रक्त नाही, नुसता पोटातला वास,
मग चोर्ल्याच्या उताराला ते बसलेलं,
मान वर करून, ह्यांच्याकडे बघत.
पुढचं वाक्य त्यांनी तराजूला सांगितलं,
मला नाही.

पुढं कायदा आला. लायसन राहिलं, शिकार गेली.
तरी ते येतच.
अकरा गोळ्या करत,
आणि पडक्या खाणीत, लांबच्या दगडावर
माझी बांगडी ठेवून काढलेल्या खडूच्या गोलात झाडत.
निवडणुका लागल्या की रायफल ठाण्यात जमा.
पावती कानडीत मिळे, ते मराठीत सही करत.
त्या महिन्यांत नुसतंच तोलत बसत,
भरत काही नसत.

नाकारलेल्या गोळ्या माझा भाऊ नेई,
मलप्रभेत गळाला वजन म्हणून.
किती तुटून गेल्या कुणी मोजल्या नाहीत.

यंदा नदी फार आटली.
घाटाखालच्या कपारीत एक सापडली मला,
पांढुरकी पडलेली, टोकाशी दोऱ्याची खाच.
दुकानात आणली. काटा आता इलेक्ट्रॉनिक.
त्या दिवशी हिला बाजूला का ठेवलं,
जड म्हणून की हलकी म्हणून,
सांगायला कोणी नाही.
आकडा शेवटच्या घरात पुढंमागं होत राहिला.
खिडकी उघडीच होती.